निर्वैर पिस्तूल

शैलजा इंगवले मॅडमच्या पोटात काय जळत होतं, ते कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला होतं, पण तो शहाणा माणूस, बोलत नसे. शेवटी ते एका पिस्तुलानं सांगितलं, आणि तेही सगळ्या स्टाफसमोर.

कोल्हापुरातल्या त्या कॉलेजच्या जिमखान्यात टेबलावर लाल कापड अंथरून ते पिस्तूल ठेवलं होतं. एखाद्या बक्षीस समारंभाचा चषक ठेवावा तसं. त्याचं सरकारी नाव ‘निर्वैर’. कंपनीचे इंजिनियर जोगळेकर पुण्याहून आले होते आणि जावयासारखे पुढच्या खुर्चीवर बसले होते. एकेका प्राध्यापकानं पुढं यायचं, पिस्तुलाची मूठ उजव्या हातात धरायची आणि समोरच्या पडद्याकडे रोखायचं. पडद्यावर कॉलेजातले चेहरे येत. विद्यार्थी, शिपाई, सहकारी. गोळ्या अर्थातच काढून ठेवल्या होत्या. पिस्तुलाच्या पाठीवर हरभऱ्याएवढा दिवा होता आणि तो हिरवाच राहायला हवा होता.

इतिहासाच्या सरांचा दिवा प्राचार्यांच्या फोटोला लाल झाला आणि हॉलभर हशा पिकला. प्राचार्य निंबाळकरही हसले, जरा कमी हसले. मग शैलजामॅडम उठल्या. कॉलेजच्या क्रीडासंचालक, वय पन्नाशीच्या पलीकडे, पण खांदे अजून कबड्डीपटूचे. एके काळी राज्याच्या संघात खेळलेल्या बाई. त्यांनी मूठ धरली. हिरवा. शिपायाला हिरवा, प्राचार्यांना हिरवा, फी बुडवणाऱ्या पोरांना हिरवा. मग पडद्यावर केतकी शिंत्रेचा हसरा चेहरा आला आणि दिवा कुंकवासारखा लाल झाला.

या वेळी कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

केतकी तिथंच तिसऱ्या रांगेत बसली होती. कॉलेजची सहायक क्रीडासंचालक, वय तिशीच्या आत. तिची पाळी पुढचीच. ती आली, मूठ धरली आणि सगळे चेहरे संपेपर्यंत दिवा हिरवाच राहिला. शैलजामॅडमच्या चेहऱ्यालासुद्धा.

खरं सांगायचं तर तो हिरवा मॅडमना स्वतःच्या लालपेक्षा जास्त लागला. हिच्या मनात माझ्याबद्दल काहीच नाही? रागसुद्धा नाही?

कारण राग यायला, लोभ असायला जागा होती. केतकीला गडहिंग्लजच्या शाळेच्या मैदानावरून मॅडमनीच हेरून आणली होती. तिच्या वडिलांच्या हातापाया पडून. वरच्या खोलीत ठेवून घेतली, पहाटे दूध-अंडी, संध्याकाळी पायाला तेल, सगळं पोटच्या पोरीसारखं केलं. चढाईला गेली की समोरच्या संघाच्या पोरी कोपऱ्यात सरकत, अशी ती खेळायची. मॅडम म्हणायच्या, मला जे जमलं नाही ते ही करणार. आणि एक दिवस ही बया नेमबाजीच्या रेंजवर ‘नुसतं बघायला’ म्हणून गेली ती परत कबड्डीकडे आलीच नाही. रायफलीत पदकं घेतली. पेपरात तिच्या गुरूंचं नाव छापून यायचं, ते दुसऱ्याच कुणाचं. पुढं त्याच कॉलेजात ती मॅडमची सहायक म्हणून रुजू झाली, वाकून नमस्कार केला, मॅडमनी पाठीवर हात ठेवला. वरून सगळं कसं गोड होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती अशी उघडी पडली.

आता हे पिस्तूल कॉलेजात आलंच कसं, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी परराज्यातल्या एका स्टेडियमवर प्रेक्षकांत गोळीबार झाला होता. पोलीस पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. मग देशभर एकच वाद सुरू झाला, कॉलेजांच्या आवारात आणि मैदानांवर बंदूक असावी की नसावी. असावी म्हणणारे म्हणत, वाईट माणूस हत्यार घेऊन येतोच, मग चांगल्या माणसानं हात हलवत का उभं राहावं? नसावी म्हणणारे विचारत, चांगला माणूस दिवसभर चांगला राहतो याची हमी कोण देणार? निर्वैर पिस्तुलानं नेमकी हीच हमी दिली आणि नसावी म्हणणाऱ्यांचं तोंड बंद झालं.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. माणूस खोटं बोलू शकतो, त्याचा तळहात खोटं बोलत नाही. माणूस निवांत असताना हृदयाचे दोन ठोके कधीच एकसारख्या अंतरानं पडत नाहीत, थोडे मागेपुढे होतात. मन तापलं की ते अंतर एकसारखं होत जातं. पण तसं ते भीतीनंही होतं, आणि घाबरलेल्या माणसाला तर संरक्षणाचा हक्क हवाच. मग भीती आणि वैर वेगळं कसं करायचं? बोटांवरून. भीतीत बोटांतलं रक्त मागं सरतं, हात गार पडतात. वैरात रक्त हातांकडं धावतं, बोटं गरम होतात आणि स्नायू आतून बारीक थरथरतात, डोळ्यांना न दिसणारं. मुठीतले संवेदक हे सगळं टिपत. नळीखालचा कॅमेरा समोर कोण आहे ते पाही आणि त्या माणसाला पाहून तळहात बदलतो का, हे जोडून बघे. समोरच्याबद्दल वैर दिसलं की चाप जाम. वैर नसेल तरच गोळी सुटणार.

जोगळेकर याचं भाषण करताना डोळे मिटून घेत. “इतिहासात पहिल्यांदाच,” ते म्हणत, “असं शस्त्र आलंय जे द्वेषानं चालवताच येत नाही.”

ऐकायला कीर्तनासारखं गोड होतं. सरकारनं नियम केला की प्रत्येक कॉलेजनं आपल्याच स्टाफमधून एक क्रीडांगण रक्षक नेमायचा, ज्याचा दिवा सर्वांत स्वच्छ असेल तो. एका वर्षाच्या प्रयोगानंतर समिती बसेल आणि कायमचं ठरवेल. कॉलेजची रक्षक झाली केतकी शिंत्रे.

मॅडम त्या दिवशी घरी आल्या त्या भांडी आपटतच. नवरा वीज मंडळातून निवृत्त झालेला, वाटाणे सोलत बसला होता.

“काय झालं?”

“काही नाही. हात दाखवून अवलक्षण.”

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “केतकीवर जळतीस ते मला ठाऊक हाय. ती पोरगी रेंजवर गेली त्या दिवसापासनं तू मला रायफलीच्या मॅची टीव्हीवर लावू दिल्या न्हाईस.”

“तसं काही नाही हां. मला पिस्तूलच नको मैदानावर. तत्त्व म्हणून.”

“ते बी खरं असंल. दोन्ही एका पोटात मावतंय की.”

त्यावर मॅडमनी वाटाण्यांचं ताट उचलून आत नेलं.

पुढच्या काही महिन्यांत त्या मुठीनं कॉलेजच काय, अख्खं गाव पालटून टाकलं. कंपनीनं नुसती मूठ वेगळी विकायला काढली, नळी नाही, गोळी नाही, फक्त दिवा. पोरं कट्ट्यावर भांडली की एक जण म्हणायचा, “मूठ धरून सांग, माझ्यावर खुन्नस न्हाई म्हणून.” पूर्वी आईची शपथ घालत, आता मूठ धरायला लावत. होस्टेलच्या खोल्या वाटताना मूठ आली. भागीदारीचं दुकान काढताना मूठ आली. लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी सासू-सुनेला समोरासमोर बसवून मूठ धरायला लावली, त्यात एक ठरलेलं लग्न मोडलं आणि सासूचा दिवा लाल झाला म्हणून लोक सुनेच्या आईची समजूत घालायला गेले. हिरवा माणूस म्हणजे चांगला माणूस, असं होऊन बसलं. लाल माणसानं काही बोलायचं नाही.

केतकी तर हिरव्यातली हिरवी. पालक मुलींना तिच्याकडे सोपवू लागले. वर्गाची भांडणं तिच्यापुढं येऊ लागली. प्राचार्यांनी आधी शिस्तपालन समिती तिला दिली, मग जिमखान्याच्या किल्ल्या, मग एक दिवस सहज बोलल्यासारखं म्हणाले, “मॅडम, कबड्डीच्या संघाचं मानसिक प्रशिक्षण केतकीकडे देऊया का? तुमचं आपलं डावपेचाचं चालू दे.” मॅडम बरं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचीच पोरं केतकीसमोर डोळे मिटून मांडी घालून बसलेली त्यांनी खिडकीतून पाहिली. संघाचा कप्तान शौर्य, ज्याला मॅडमनी पट कसा काढायचा ते हाताला धरून शिकवलं, तो केतकीच्या सांगण्यावर श्वास मोजत होता. मॅडमच्या छातीत असं काही पेटलं की त्या उगाच पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जाऊन आल्या.

सगळ्यांत वाईट म्हणजे केतकी चांगलीच वागत होती. मॅडम आल्या की उभी राही. चहा आला की पहिला कप मॅडमना देई. माणसानं वाईट तरी वागावं, म्हणजे जळणाऱ्याला आधार मिळतो.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची अंतिम लढत यंदा त्यांच्या कॉलेजात होती. आधीच्या बैठकीत मॅडमनी हात वर केला. “सर, मैदानात पिस्तूल नको. फाटकाबाहेर ठेवा, पोलीस ठेवा. मैदान ही जागाच तापण्याची आहे. पोरं तिथं ओरडतात, धावून जातात, एकमेकांची गचांडी धरतात आणि संध्याकाळी एकत्र मिसळ खातात. बाहेर जे भांडण दिसतं ते आत भांडण नसतंच. ते बघून कुणी शांतपणे काय ठरवायचं?”

मुद्दा बरा होता. दोघांनी मानही डोलावली. प्राचार्य खाली बघून म्हणाले, “मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. पण रक्षक केतकी आहे, आणि तुमचा दिवा... सगळ्यांना माहीत आहे.”

मॅडम बसल्या. त्यांना राग याचा आला नाही की आपलं ऐकलं नाही. राग याचा आला की ते खरंच असेल तर? केतकीच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी हात वर केला असता का? त्या घरी जाईपर्यंत स्वतःला हे विचारत राहिल्या.

लढतीच्या दिवशी हॉल खच्चून भरला. तालमींची पोरं, हलगी, घुमकं, शिट्या. फाटकावर धातूची तपासणी होती, नवा नियम. केतकी पंचांच्या टेबलामागं उंच स्टुलावर उभी, कमरेला निर्वैर, कानात वायरलेस. तसाच एक वायरलेस प्रत्येक प्रशिक्षकाच्या गळ्यात होता. मैदानावर नेहमीपेक्षा वेगळं काही होणार असेल तर रक्षकाला आधी कळवायचं, हे सगळ्यांना बजावून सांगितलेलं.

मध्यंतराला कॉलेजचा संघ मागे होता. पोरं माना खाली घालून बसली होती.

“मॅडम,” शौर्य म्हणाला, “नारळ झाला न्हाई.”

“काय?”

“मैदानाला नारळ फोडला न्हाई ह्या वक्ताला. फाटकावर कोयता आत घेऊ दिला न्हाई, आन् हितं मॅटवर दगूड कुठला. पोरांचं मन लागंना झालंय. रुद्रानं मग हलगीच्या पिशवीतनं आणलाय कोयता, हलगीच्या लोखंडी कड्यात खपून गेला. दुसरा हाफ सुरू व्हायच्या आत कोपऱ्यात वाढवतो की पटकन.”

रुद्र पोवार म्हणजे संघाबरोबर गावोगाव फिरणारा हलगीवाला, बीएच्या शेवटच्या वर्षाला होता. मॅडमना हसू आलं. मातीचं मैदान होतं तेव्हा कडेच्या दगडावर नारळ फुटायचा. मॅट आली, हॉल आला, दगड गेला, पण नारळाशिवाय पोरांचा पाय रेषेपलीकडं पडत नव्हता. कोल्हापूरच्या पोरांना हे मूर्खपणाचं आहे म्हणून कोण सांगणार, आणि त्या स्वतः अशाच वाढल्या होत्या.

“फोडा,” त्या म्हणाल्या.

हात वायरलेसकडे गेला. बटणावर अंगठा ठेवला. समोर केतकी स्टुलावर उभी होती, सरळ, स्थिर, आणि खाली दोन पालक तिच्याकडं देवीकडं बघावं तसे बघत होते. मॅडमनी अंगठा उचलला. कळेल की तिला. गडहिंग्लजची आहे, नारळ काय तिला माहीत नाही? एवढी शांत आहे ना, बघू दे.

रुद्र उशिरा उठला. शिट्टी वाजायला आली म्हणून तो धावतच निघाला आणि वाट काढत गेला ती विरुद्ध संघाच्या बाकामागून. उजव्या हातात कोयता. नारळ डाव्या काखेत, उपरण्याखाली. स्टुलावरून दिसत होता तो फक्त कोयता आणि तो ज्यांच्या पाठीमागून धावत होता त्या पोरांच्या माना.

केतकी ओरडली. तीनदा ओरडली, नियमाप्रमाणे. हलग्या वाजत होत्या. मग तिनं जे वर्षभर घोटलं होतं ते केलं. पाय रोवले, हात लांब केला. मॅडमना त्या गर्दीतूनही तिच्या हातातला दिवा दिसला. हिरवागार.

गोळी रुद्रच्या उजव्या खांद्यात लागली. नारळ घरंगळत मॅटवर आला आणि शौर्यच्या पायापाशी थांबला. तो बघून केतकीनं पिस्तूल खाली केलं. तिचा चेहरा तेव्हासुद्धा फारसा बदलला नव्हता, आणि हे पुढं सगळ्यांनी एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

मॅडम धावल्या. रुद्रच्या खांद्यावर उपरणं दाबून धरलं, गाडी मागवली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सगळं योग्य केलं. पण त्या सगळ्याच्या आधी, आवाज झाला त्या क्षणी, त्यांच्या मनात जे पहिलं उमटलं ते त्यांनी ओळखलं होतं. आनंद होता तो. लख्ख आनंद. चुकली एकदाची.

रुद्र वाचला. हात वाचला, पण मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं. हॉस्पिटलात मॅडम रोज जात. एकदा तो डाव्या हाताची बोटं खाटेच्या कडेवर वाजवत म्हणाला, “उजव्या हाताच्या उठावणीची थाप डाव्याला जमंना, मॅडम. पण जमंल. माझा आजा डावखुराच हुता.” मॅडमना तिथं बसवेना. मोसंबी ठेवून त्या बाहेर आल्या आणि जिन्यात रडल्या. रडतानाही त्यांना ठाऊक होतं की आतला तो गारवा अजून तसाच आहे. केतकी निलंबित झाली होती. तिचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणत. पोरं सरावाला पुन्हा मॅडमकडे येत होती. इतकी शांत झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती.

महिन्याभरात जोगळेकर पुन्हा आले. समिती बसायची होती, त्याआधी कॉलेजला नवा रक्षक हवा होता. पुन्हा मूठ, पुन्हा पडदा. मॅडमनी मूठ धरली, केतकीचा चेहरा आला. दिवा हिरवा. एकदा नाही, तीनदा तपासलं. हिरवाच.

“वा,” जोगळेकर म्हणाले. “मॅडम, हे फार मोठं आहे. तुमच्या शिष्येवर अशी वेळ आली आणि तुमचं मन निवळलं. करुणा म्हणतात ती हीच.”

प्राचार्यांनी तर हातच जोडले. “तुम्हीच आता रक्षक. समितीपुढंही तुम्ही बोला. पिस्तूल निर्दोष आहे, चूक व्यक्तीची होती, एवढंच सांगायचं. तुमच्या तोंडून ते शोभेल.”

किल्ल्या परत आल्या. शिस्तपालन समिती परत आली. पहिला चहाचा कप आता शिपाई त्यांच्यापुढं ठेवू लागला. जे हवं होतं ते सगळं ताटात वाढून आलं होतं. मॅडमनी ते खाल्लंही असतं. पण रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, “दिवा हिरवा कशानं झाला गं?” आणि त्यांचा घास तोंडात फिरायला लागला.

समिती जिल्हा परिषदेच्या सभागृहात बसली. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश बाई, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. साक्ष देणाऱ्यानं रिकाम्या निर्वैरची मूठ धरून बोलायचं आणि दिवा मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसायचा, हे आता कुणाला विचित्रही वाटत नव्हतं. रुद्र आईवडलांसोबत पहिल्या रांगेत होता. पलीकडच्या बाजूला, एकटी, केतकी बसली होती. गालफडं वर आली होती.

मॅडमना पहिल्यांदा बोलावलं. त्यांनी मूठ धरली. कॅमेऱ्यापुढं केतकी. पडदा हिरवा झाला. जोगळेकरांनी समाधानानं मान मागं टेकली.

“इंगवले मॅडम,” अध्यक्ष म्हणाल्या, “घडलेल्या प्रकारात दोष शस्त्राचा की व्यक्तीचा?”

प्राचार्य मान हलवून धीर देत होते. मॅडमनी एकदा पडद्याकडे पाहिलं.

“बाई, हा दिवा हिरवा का आहे ते आधी सांगते. ही पोरगी पडली म्हणून. गेल्या वर्षी ती वर होती तेव्हा हाच दिवा लाल होता, ते सगळ्यांनी बघितलंय. आता ती तिथं एकटी बसलीय आणि मला बरं वाटतंय. बोटं जरासुद्धा तापलेली नाहीत माझी. हे यंत्र त्याला शांती म्हणतंय. साहेब करुणा म्हणाले.”

सभागृहात कुजबुज झाली. जोगळेकर उठू लागले, अध्यक्षांनी हातानं बसवलं.

“आणखी एक. पोरं नारळ फोडणार होती ते मला ठाऊक होतं. वायरलेस माझ्या गळ्यात होता. मी कळवलं नाही. जळत होते म्हणून कळवलं नाही. एका वाक्याचं काम होतं.”

रुद्रची आई त्यांच्याकडं बघत राहिली. त्या बाईनं हॉस्पिटलात रोज मोसंब्यांबद्दल मॅडमचे आभार मानले होते. मॅडमना मान खाली घालावीशी वाटली, पण त्यांनी घातली नाही.

अध्यक्ष केतकीकडे वळल्या. “शिंत्रे, तुम्हाला काही म्हणायचं आहे? तुम्हाला ही माहिती दिली गेली नव्हती, असं मॅडम म्हणतात. तुमच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे.”

महत्त्वाचं म्हणजे काय, तिची सुटकाच होती ती. सगळा भार मॅडमवर ढकलायची वाट उघडी पडली होती आणि सभागृहात एकजणही तिला दोष देणार नव्हता. केतकी उभी राहिली. बोलली ती रुद्रकडं बघून.

“चाप मी ओढला. मॅडमनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण चाप मीच ओढला. तुझा राग नव्हता आला मला, भीती पण नव्हती वाटली. काहीच वाटलं नाही. वर्षभर सगळ्यांनी त्याचंच कौतुक केलं, आणि मीपण त्यालाच चांगुलपणा समजले. तू कोण आहेस हे बघायला मी क्षणभर थांबले असते, जर मला काही वाटत असतं तर. मी परत कधी हत्यार हातात घेणार नाही. आणि माफी मागत नाही, कारण तू हो म्हणशील, असा आहेस तू.”

रुद्रच्या वडलांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. अध्यक्षसुद्धा लिहायच्या थांबल्या.

मॅडमच्या हातात मूठ अजून होतीच, रोख केतकीकडंच. आणि त्यांना ते कळलं, दिवा दिसायच्या आधी कळलं, कारण जुनी ओळख होती. छातीत तेच पेटलं. मी तासभर घोकून आले, आयुष्यभराचं मन उपसलं, आणि ही पोरगी उठून चार वाक्यांत माझ्या पुढं निघून गेली. पुन्हा पुढं. माझ्या पोरांपुढं, माझ्या गावापुढं. हे धैर्यसुद्धा हिलाच यावं?

पडदा लाल झाला.

सगळ्या माना वळल्या. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. “मॅडम, हे काय झालं?”

“काही नाही, बाई,” शैलजामॅडम म्हणाल्या. “मत्सर. ती माझ्यापेक्षा चांगलं बोलली.” त्यांनी आवाज चढू दिला नाही. “मघाशी मी गोळी झाडायला लायक होते. आता नाही. थोड्या वेळानं चहा पिऊन आले की कदाचित पुन्हा होईन. एवढ्यात इथं कुणी कोयता आणला नाही, कुणी गुन्हा केला नाही, रुद्र होता तिथंच बसलाय. बदलली ती मी, तीसुद्धा दुसऱ्याच्या भाषणानं. कॉलेजच्या मैदानावर आम्ही दिवसातून दहादा बदलतो. तिथं हे ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी ठेवणार नाही.”

त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. पडदा काळा झाला.

अध्यक्ष शेजारच्या दोन सदस्यांशी बोलून म्हणाल्या की अंतिम अहवाल सरकारकडे जाईल, पण तोवर जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या फाटकाच्या आत हत्यार जाणार नाही, रक्षकाचंही नाही. वायरलेसच्या बाबतीत शैलजा इंगवले यांची वेगळी चौकशी होईल. मॅडमनी मान डोलावली. प्राचार्य त्यांच्याकडे न बघता बाहेर गेले.

बाहेरच्या पायऱ्यांवर ऊन होतं. केतकी रुद्रच्या आईशी काहीतरी बोलून आली आणि मॅडमपाशी येऊन थांबली. वाकली नाही, चहाचा कप नव्हता, दोघींनाही हाताचं काय करावं कळत नव्हतं.

“अजून, मॅडम?” तिनं विचारलं.

शैलजामॅडमनी तिच्याकडं पाहिलं. गडहिंग्लजच्या मैदानावर पहिल्यांदा पाहिलं होतं, त्यानंतर कधी एवढं नीट पाहिलं नव्हतं.

“अजून गं,” त्या म्हणाल्या. “आणि हे तुला सांगायला मला मूठ लागत नाही.”